लिंबाची पानं पिवळी पण शिरा हिरव्या? खताचा डबा खाली ठेवा, आधी पाणी बघा

या वेळचं पत्र इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका ताईंचं आहे, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात देते. त्या लिहितात:

"आमच्या छतावर पंधरा-वीस गमले आहेत. लिंबाचं झाड तीन वर्षांचं, मोठ्या ड्रममधे लावलंय, माती घराचं काम चालू असताना पायाच्या खोदकामातून निघालेली काळी मातीच भरली होती. मार्चपासून नवीन येणारी पानं पिवळी येतायत, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं, काही तर पांढरट. खालची जुनी पानं मात्र ठीक आहेत. नर्सरीवाल्याने युरिया दिला, शेजारच्या काकूंनी ताक घालायला सांगितलं, सासूबाईंनी गंजलेले खिळे पुरले, आणि मी यूट्यूबवर बघून एप्सम सॉल्ट घातलं. काही फरक नाही, उलट आता टोकं पण जळतायत. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं निघालेलं पाणीच झाडांना घालते. मोगऱ्याची पानं पण फिकट झालीयत, जास्वंदाची गळतायत, कढीपत्ता थंडीत पिवळा पडला होता आता बराय, आणि भेंडीच्या पानावर पिवळी जाळी आलीय. काय कमी पडतंय आमच्या झाडांना?"

ताई, नमस्कार. पत्र वाचून पहिली गोष्ट सांगते, तुमच्या झाडांना बहुतेक काहीच कमी पडत नाहीये, उलट जास्त होतंय. आणि दुसरी, आजपासून पंधरा दिवस लिंबाच्या ड्रममधे साध्या पाण्याशिवाय काही म्हणजे काही घालू नका. एका झाडाला चार डॉक्टरांनी चार औषधं एकदम दिली की कोणत्या औषधाने काय झालं ते कळायला मार्गच राहत नाही. एप्सम सॉल्ट हे मीठच, आणि युरियाची पण मातीत शेवटी मिठंच होतात, मे महिन्याच्या उन्हात कुंडीतलं पाणी उडून जातं आणि मीठ मातीतच राहतं, टोकं जळतायत ती त्यामुळेच.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य कोणतं सांगू? "खालची जुनी पानं मात्र ठीक आहेत." लोक फोटो पाठवतात एका पिवळ्या पानाचा, तोडून, टेबलावर ठेवून, आणि विचारतात काय झालं. अहो पण ते पान झाडावर कुठे होतं ते सांगा ना! वर होतं का खाली, त्यावरच अर्धं निदान होतं. झाडाच्या आत काही अन्नद्रव्यं फिरती असतात, नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम. ही कमी पडली की झाड जुन्या पानातून ती काढून घेतं आणि वरच्या कोवळ्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. आणि लोह, झिंक, मँगनीज, बोरॉन, कॅल्शियम ही एकदा ज्या पानात गेली तिथेच बसतात, हलत नाहीत म्हटलं तरी चालेल. ती मिळेनाशी झाली की जुनी पानं आपली हिरवीगार राहतात आणि नवीन येणारं पान उपाशीच जन्माला येतं.

आता तुमची लक्षणं लावून बघा. नवीन पानं, शिरा बारीक बारीक सुद्धा हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या, मधला भाग पिवळा, जास्त झालं की पांढरट. हे लोहाचं लक्षण आहे, लिंबूवर्गात तर अगदी पुस्तकातलं. मॅग्नेशियम कमी असतं तर खालची पानं कडेने पिवळी झाली असती आणि देठाजवळ हिरव्या रंगाचा उलटा व्ही उरला असता, तो लिंबावर फार छान ओळखू येतो. तुमच्याकडे तो नाही, मग एप्सम सॉल्टचं, म्हणजे मॅग्नेशियमच्याच मिठाचं, काही काम नव्हतं. नत्र कमी असतं तर अख्खं पान शिरांसकट फिकट झालं असतं आणि तेही खालचं. मग युरियाचं, म्हणजे नत्राच्या खताचं, पण काम नव्हतं, आणि युरियाने अजून एक होतं, झाड जोरात नवीन फुटवे काढतं, त्या प्रत्येक फुटव्याला लोह पाहिजे असतं, ते मिळत नाही, म्हणजे पिवळी पानं अजून वाढतात आणि आपल्याला वाटतं रोग पसरला.

एक पान हातात घेऊन अजून एक करा. मधल्या शिरेवर त्याची घडी घाला आणि दोन्ही अर्धे भाग एकमेकांशी ताडून बघा. पिवळेपणा दोन्हीकडे सारखा असेल तर अन्नद्रव्याचा मामला आहे. एका बाजूला डाग इथे, दुसऱ्या बाजूला भलतीकडेच, असा ओबडधोबड पिवळेपणा असेल आणि एखादीच फांदी पिवळी असेल तर मात्र लिंबाच्या ग्रीनिंग रोगाची शंका घ्यावी लागते, त्यावर उपाय नाही, झाड काढावं लागतं. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, तरी बघून घ्या. आणि नवीन पानं पिवळी आहेतच पण शिवाय बारकी, अरुंद, टोकदार, शेंड्याला गुच्छ झाल्यासारखी येत असतील तर लोहासोबत झिंकची पण ओरड आहे असं समजा, आपल्या मातीत ही जोडी बऱ्याचदा एकत्रच दिसते.

बरं, आता खरा मुद्दा. लोह कमी म्हणजे मातीत लोह नाही असं नाही! माळव्याच्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे. पण या मातीत चुना पण असतो, तिचा पीएच (आंबट-खारेपणाचं माप, सातच्या खाली आंबट, वर खारं) सातच्या वर, बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास, आणि अशा मातीत लोह असं काही घट्ट बसतं की पाण्यात विरघळतच नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळांना मिळत नाही. पैसे सगळे एफडीत आणि भाजीवाल्याला द्यायला खिशात सुट्टे नाहीत, तसला प्रकार. त्यात तुमची माती पायातून निघालेली. म्हणजे वरची कसदार माती नाही, खालची, बऱ्याचदा चुनखडीचे पांढरे खडे असलेली, आणि बांधकामातलं सिमेंट तिच्यात मिसळलं असण्याचीही शक्यता आहेच, सिमेंट म्हणजे परत चुनाच. खात्री करायचीय? चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं, बुडबुडे आले की चुना आहे. नाही फसफसलं तर चुना फार नाही, मग पाण्याकडे जास्त संशयाने बघायचं.

आणि पाण्याकडे तर मी संशयाने बघतेच आहे, तुम्ही "आरओचं निघालेलं पाणी" लिहिलंत तिथेच. पाणी वाचवायचं म्हणून करताय, हेतू चांगलाय, पण हिशेब बघा. समजा तुमच्या बोरिंगच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमधे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममधे, ६०० आहे. मशीनमधे ३ लिटर पाणी गेलं, त्यातलं १ लिटर प्यायचं निघालं ५० टीडीएसचं, आणि २ लिटर नळीतून बाहेर. एकूण क्षार होते १८०० मिलिग्रॅम, पिण्याच्या पाण्यात गेले ५०, राहिलेले १७५० सगळे त्या २ लिटरमधे, म्हणजे झाडाला पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस झाला ८७५. आधीच जड असलेलं पाणी अजून जड करून रोज ड्रममधे घालायचं, तेही एप्रिल-मेमधे जेव्हा दिवसातून दोनदा पाणी लागतं. त्या क्षारात बायकार्बोनेट असतो, तो मातीचा पीएच वर चढवत राहतो, लोहाला अजून घट्ट कुलूप. ड्रमच्या काठावर आणि मातीच्या वरच्या थरावर पांढरी खपली धरलीय का बघा, नखाने खरवडली की पिठासारखी निघते, धरली असणारच. आरओवाला येतो ना सर्व्हिसला, त्याच्याकडे पेनासारखा टीडीएस मीटर असतो, त्याला सांगा तिन्ही पाणी मोजून दे बाबा, नळाला येणारं नर्मदेचं, बोरिंगचं आणि आरओच्या नळीतलं. मग मला पटवायची गरजच पडणार नाही. ते नळीतलं पाणी फेकून द्या असं म्हणत नाहीये, फरशी पुसा, बाथरूम धुवा, टॉयलेटला टाका, फक्त कुंडीत नको.

झाडांना नर्मदेचं घाला. इंदूरात १९७८ साली नर्मदा आली, नदीकाठच्या जलूदहून घाट चढून सत्तरेक किलोमीटर येते, एवढ्या लांबून आलेलं पाणी झाडाला घालताना जीव खालीवर होतो हे मला कळतं, पण लिंबू आणि मोगरा एवढ्या दोघांपुरतं तरी, दिवसाआड नर्मदा येते तेव्हा दोन बादल्या भरून बाजूला ठेवा. बाकी जास्वंद, कोरफड वगैरे बोरिंगवर चालवून घेतात. आणि पावसात छताच्या पाइपाखाली एखादी टाकी लावता आली तर पावसाच्या पाण्यासारखं दुसरं औषध नाही, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

घरगुती उपायांचं पण बोलून घेऊ, नाहीतर सासूबाई मला विचारतील. गंजलेले खिळे: गंज म्हणजे लोहच आहे पण ज्या रूपात तुमच्या मातीत आधीच न विरघळता पडून आहे नेमकं त्याच रूपात, म्हणजे अडकलेल्यात अजून थोडी भर. नुकसान नाही, फायदा पण नाही, फक्त पुढे माती बदलताना हाताला लागतील, तेव्हा जपून. ताक: आंबट असतं हे खरं, पण ड्रमभर चुन्याच्या मातीपुढे वाटीभर ताकाची काय बिशाद, आणि जेवणातलं उरलेलं ताक असेल तर त्यात मीठ असतं, ते तर मुळीच नको. कढीपत्त्याला बिनमिठाचं पातळ ताक कधीतरी घालायला माझी हरकत नाही, मुंग्या होतात तेवढं बघा. अंड्याची टरफलं कोणी सुचवली तर नम्रपणे नको म्हणा, तो परत कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याच्या मातीत चुना. चहाचा चोथा धुऊन, कंपोस्टमधे.

आता करायचं काय ते क्रमाने सांगते, पण सगळं एका रविवारी उरकायचं नाही.

पहिलं म्हणजे ड्रम धुवायचा. बाहेरून नाही, आतून. ड्रमच्या खालची भोकं मोकळी आहेत का ते आधी बघा, तारेने खुपसून बघा, काळी माती बसून ती बुजलेली असतात. मग संध्याकाळी नर्मदेचं पाणी हळूहळू, थांबत थांबत घाला, ड्रमच्या मापाच्या दुप्पट तरी पाणी आरपार खाली निघून जायला हवं. त्यासोबत युरिया, एप्सम सॉल्ट, जमलेले क्षार निघून जातील. खाली ताटली ठेवली असेल तर ती काढा, नाहीतर निघालेलं खारं पाणी परत वर शोषलं जातं. इथे एक गंमत बघायला मिळेल, काळी माती उन्हात वाळली की आक्रसते आणि ड्रमच्या भिंतीपासून सुटते, बोटभर फट पडते. तुम्ही पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली, दोन मिनिटात भोकातून वाहायला लागतं, तुम्हाला वाटतं झालं पोटभर, आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत. म्हणून आधी खुरप्याने फट बुजवा, वरची माती हलवा, मगच पाणी. धुऊन झालं की दोन पेरं बोट खुपसून बघायचं, आत ओल असेल तर पाणी नाही, मग वर कितीही कोरडं दिसो. सतत चिखल राहिला तर मुळांना हवा मिळत नाही आणि हवेवाचून मुळं लोह घेऊ शकत नाहीत, म्हणजे फिरून तिथेच.

दुसरं, ते पंधरा दिवस झाले की लोह. कृषी सेवा केंद्रात "चिलेटेड आयर्न", म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून एखाद्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, मागितलं की बहुतेक वेळा ईडीटीए हे रसायन असलेली पिवळसर पावडर हातात देतात, ती फवारायला ठीक आहे पण आपल्या चुन्याच्या मातीत घालायला कामाची नाही, पीएच साडेसहा-सातच्या वर गेला की तिच्यातलं लोह सुटतं आणि परत मातीत अडकतं. मातीत घालायला ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ही पावडर गडद लालसर चॉकलेटी असते आणि पाण्यात टाकली की कोकमच्या सरबतासारखा लाल रंग उतरतो. महाग आहे, पण १ लिटर पाण्यात १ ग्रॅमच्या आसपास लागते, पाकिटावरचं प्रमाण वाचा, आणि ओल्या मातीत संध्याकाळी घाला. महिन्याने परत एकदा. एवढे पैसे नसतील घालायचे तर आपली जुनी हिराकस आहे, फेरस सल्फेट. खडे हिरवट निळसर असले तरच घ्या, तपकिरी पडलेली हिराकस म्हणजे गंज झाला, उपयोग गेला. १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, तेव्हाच्या तेव्हा कालवायचं, तेव्हाच्या तेव्हा पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारायचं, उरलेलं ठेवायचं नाही. शेतात याहून कडक मारतात पण छतावरच्या ४२ डिग्रीत कोवळं पान जळतं, म्हणून ऊन उतरल्यावर, आणि आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. मातीत हिराकस घालू नका, आपल्या मातीत ती काही दिवसात अडकून बसते. आणि हो, फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग पडतात, घासून घासून जात नाहीत, खाली जुना पेपर अंथरा नाहीतर घरच्यांची बोलणी खा.

झिंकची शंका असली तर झिंक सल्फेटची फवारणी वेगळ्या दिवशी, दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवून. दोन्ही एकत्र करून वेळ वाचवायला जाऊ नका.

फरक कुठे बघायचा? जी पानं आत्ता पांढरट झालीयत त्यांच्याकडे आशेने बघू नका, त्यातली काही हिरवटतील, काही तशीच राहतील. पुढचा फुटवा बघा. तीन-चार आठवड्यात जे नवीन पान येईल ते हिरवं आलं की समजायचं गाडी रुळावर आली. पिवळी पानं तोडत बसू नका पण, अर्धवट का होईना ती अन्न तयार करतायत.

तिसरं आणि कायमचं म्हणजे माती बदलणं, ते पाऊस पडायला लागल्यावर, जूनच्या शेवटी-जुलैत. तोपर्यंत मुळांना हात लावू नका, मे महिन्यात रिपॉटिंग म्हणजे झाडाचा छळ आहे. तेव्हा मात्र मुळांभोवतीचा गोळा ठेवून बाकीची माती काढा आणि एक भाग चांगली माती, एक भाग मुरलेलं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि जाडी वाळू मिळून, असं भरा. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात पण मीठ असतं. गंधक घालून पीएच उतरवता येतो असं वाचाल, येतो, पण जिवाणूंमार्फत महिने लागतात आणि मातीत चुना भरपूर असेल तर तो चुना संपेपर्यंत पीएच हलत नाही, कुंडीपुरतं माती बदलणं सोपं पडतं. कंपोस्टसाठी दुकानात जायची गरज नाही. इंदूरकरांनी तर कंपोस्ट विकत आणूच नये, अहो कंपोस्ट करायची एक पद्धतच जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते! १९२४ पासून पुढची काही वर्षं अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीतज्ज्ञ इथे होते, त्यांनी आणि यशवंत वाडांनी मिळून पालापाचोळा, शेण, राख, माती यांचे थर देऊन, ढीग ठरावीक दिवसांनी पालटून खत करायची रीत इथेच बसवली, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. आपल्याकडे ओला कचरा वेगळा करायची सवय घराघरात झालीच आहे, त्यातला थोडा गाडीत टाकण्याऐवजी झाकण लावलेल्या माठात टाका, वर सुका पाला. कंपोस्टमधले आम्लं लोहाला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात, चुन्याच्या मातीत त्याचा खरा फायदा हाच आहे. फक्त राख घालू नका, तुमच्या मातीला नको, राख पीएच वाढवते.

लिंबाचं झालं. मोगऱ्याचं तुम्ही एकाच ओळीत "फिकट" लिहिलंत, पण फिकट कसं? अख्खं पान फिकट, की जवळून बघितलं तर पिठाचे बारीक बारीक ठिपके उडाल्यासारखं? मला दुसरं वाटतंय, कारण मे महिना, कोरडी हवा, छत, आणि मोगरा, म्हणजे लाल कोळी आलाच. पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर धुळीसारखे ठिपके पडतील, ते पाच-दहा सेकंद नीट बघा, चालायला लागले की कोळी. बोटाने चिरडले तर लालसर रेघ उमटते. पानाच्या मागे बारीक जाळी पण दिसेल. याला खत घालून काय उपयोग, आणि दुकानदार जे "सगळ्या किड्यांवर चालतं" म्हणून देतो ते बहुतेक कोळ्यावर चालत नाही, कोळी किडा नाहीच, कोळ्यांच्या जातीतला आहे, आणि त्या औषधाने कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात ते वेगळंच. पाइपला बोट लावून पाण्याची जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूने मारा, दोन-तीन दिवसाआड, सकाळी. एवढ्यानेच अर्धे जातात. मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण फेटून, संध्याकाळी, मागून. पाऊस लागला की ही कटकट आपोआप कमी होते. मोगऱ्याला लिंबासारखी पण पिवळी नवीन पानं दिसली तर त्याला पण तेच, पाणी बदला.

जास्वंदाची खालची दोन-चार पानं पूर्ण पिवळी होऊन गळत असतील आणि शेंड्याला नवीन येत असतील तर सोडून द्या, म्हातारी झाली पानं. ढिगाने गळत असतील तर ड्रमची भोकं बघा आणि दुपारच्या उन्हात वरून हिरवी नेट बांधा. जास्वंद पाण्याच्या बाबतीत रुसकं आहे, आज चिखल, उद्या वाळवंट असं केलं की पानं टाकतं. फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर मिलीबग, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा.

कढीपत्त्याचं थंडीतलं पिवळं पडणं अगदी नॉर्मल आहे. इंदूरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं, ते झाड गरम हवेतलं, ते तेव्हा झोपतं. तेव्हा लोक घाबरून खत आणि पाणी वाढवतात आणि झोपलेल्या झाडाची मुळं कुजवतात, तुम्ही तसं केलं नाहीत हे बरं झालं. आता बराय तर फोडणीला पानं ओरबाडून घेऊ नका, अख्खी फांदी शेंड्यासकट कात्रीने कापा, खालून दोन फुटतात. एक सांगते, कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले आहेत, चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या दोघांवर पण येतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि दोन दिवसात फांदी बोडकी करतात. हाताने वेचायच्या, औषध नाही, आपण ती पानं खातो.

राहिली भेंडी. तिथे उलटं आहे बघा, लिंबात शिरा हिरव्या आणि पान पिवळं, भेंडीत शिराच पिवळ्याधमक आणि मधे हिरवं. हा येलो व्हेन मोझॅक, व्हायरस आहे, पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. यावर फवारा नाही, खत नाही, ताक नाही, काहीच नाही. ते रोप मुळासकट उपटा, आधी पिशवी घालून मग उपटा म्हणजे माश्या उडून शेजारच्या रोपावर बसणार नाहीत, आणि बाकीच्या भेंडीजवळ पिवळे चिकट कागद टांगा. पुढच्या वेळी बी घेताना मोझॅकला दाद न देणारी जात मागा, परभणी क्रांती आणि अर्का अनामिका त्यासाठीच काढल्या होत्या पण आता बऱ्याच ठिकाणी त्यांनाही मोझॅक येतो, आणि घरचं बी त्या रोपाचं धरू नका. उपटायच्या आधी त्याला ज्या भेंड्या लागल्यायत त्या तोडून घ्या, थोड्या पिवळट आणि राठ असतील पण हा व्हायरस माणसाला काही करत नाही, कोवळ्या बघून भाजीत टाका.